इंजिन कुठल्या अंगाला लागतं, आबा?

आबा, तुम्हाला जाऊन आज तेरा दिवस झाले. तेरावं घालायचं नाही असं तुम्ही जिवंतपणीच बजावून ठेवल्यामुळे आज घरात नेमकं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही. आईनं सकाळपासून दोनदा ओसरी सारवली. शेजारचे शांतारामकाका दोनदा चहा पिऊन गेले आणि जाताना दोन्ही वेळा "आज काय कार्यक्रम हाय का?" असं विचारून गेले. मी नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "हाय की कार्यक्रम. तुमी गप बसायचं, आमी ऐकायचं."

मी शिरूरच्या शाळेतून रजा काढून निमोण्याला आले आहे. रडायचं तेवढं रडून झालं, म्हणजे आज सकाळपुरतं तरी. आता भांडायला बसले आहे. तुमच्या लेकीचं आणि तुमचं एक भांडण चार वर्षं अर्धवट पडलंय आणि तुम्ही ते तसंच टाकून गेलात, हे काही बरं केलं नाहीत. आपल्याकडं वर्षभर राहिलेली मिचिको जपानला परत निघाली त्या दिवशी दौंडच्या फलाटावर तुम्ही दही खाल्लंत. का खाल्लंत? तुमचं म्हणणं, पोटासाठी. माझं म्हणणं, तसं नाही. एवढंच भांडण, पण आपण दोघांनी ते जिवापाड जपलं.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. मध्येच तोडायला आता तुम्ही नाही, ही त्यातल्या त्यात एक सोय झाली आहे.

उभी हयात तुम्ही दौंडच्या लोकोशेडमध्ये फिटर होतात. धम्मदीक्षा घेऊन घरी आलात आणि त्या एका आठवड्यात घरातून काय काय बाहेर गेलं, ते आई अजून सांगते. नारळ गेला, मुहूर्त गेला, उंबऱ्यावरचं लिंबू गेलं, मांजर आडवं गेलं की थांबणं गेलं. मांजराला तर तुम्ही मुद्दाम हुसकून आडवं जायला लावायचात. आईनं सगळं निमूट सोडलं, अडली ती एका दह्यापाशी. घरातलं माणूस गावाला निघालं की त्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवायचं, त्यानं ते चाटायचं आणि मग उंबरा ओलांडायचा. म्हणजे ते सुखरूप पोचतं आणि सुखरूप परत येतं.

"एवढं ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "दही काय कुण्या देवाचं न्हाई, म्हशीचं हाय."

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "माझा बाप पहिल्यांदा रेल्वेच्या कामाला दौंडाला निघाला तवा कुणी ठेवलं व्हतं त्याच्या हातावर? पाटलाच्या ओसरीवर दही, आन् आमाला लांबूनच 'जा'. आमाला कुणी दही दिलं न्हाई, तरी आमी पोचलो. आता मला त्याची गरज न्हाई."

आईनं दह्याची वाटी परत शिंक्यावर ठेवली. यावरून मी तुमच्याशी कधी भांडले नाही. तुम्ही मान ताठ करून चाललात म्हणून मी आज चाळीस पोरांसमोर खडू हातात घेऊन उभी राहते, हे मला पुरतं कळतं. फक्त झालं असं की जुनं सगळं गेलं आणि निरोप देताना करायचं असं नवीन काही हाती आलं नाही. मी डी.एड.ला निघाले तेव्हा आई पदराशी चाळा करत उभी, तुम्ही छत्री घेऊन उभे आणि मी ट्रंक घेऊन उभी. कुणी काय करावं ते कुणालाच कळेना. शेवटी तुम्ही "एस.टी. आली" म्हणालात. एस.टी. आलेली नव्हती.

मिचिको आली ती दुष्काळ सरल्यानंतरच्या उन्हाळ्यात. जपानहून वर्षभरासाठी पुण्याच्या एका कॉलेजात शिकायला आली होती आणि खेड्यातल्या बाईचा दिवस कसा जातो, हा तिचा अभ्यासाचा विषय होता. त्यासाठी तिला एखाद्या घरी राहायचं होतं. गावात विचारणा झाली तेव्हा सगळे विचारात पडले. तिला खाऊ काय घालायचं, आपली चटणी तिला सोसणार का, ती आंघोळ कुठं करणार. तुम्ही एकटे विचारात पडला नाहीत.

"जपान म्हंजी बुद्धाचा मुलूख," तुम्ही चावडीसमोर सांगितलंत. "आपून आत्ता आलो धम्मात, त्या लोकांना हजार वर्सं झाली. पोरगी आपल्या घरची हाय. आपल्याकडंच ऱ्हाईल."

आणि तिथंच सगळा घोटाळा सुरू झाला, कारण त्या पोरीला धम्मातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. त्यांच्याकडं घरात कुणी वारलं की भिक्खूला बोलवायचे आणि तो काय म्हणतो ते कुणालाच कळायचं नाही, एवढीच तिची माहिती. हे तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. पहिल्या संध्याकाळी मात्र अख्खी वस्ती आपल्या अंगणात जमली होती. तुम्ही इस्त्रीचा सदरा घातला होता. तुम्ही तिला तसबिरीसमोर बसवलंत, मेणबत्ती लावलीत आणि म्हणालात, "हं, म्हण पोरी वंदना. आमाला तुमची ऐकायची हाय."

तिला मराठी तेव्हा जेमतेम चार शब्द. ती लाजेनं लाल झाली, तिनं मान खाली घातली, डोळे मिटले आणि गप्प बसली. बराच वेळ गेला. कुणीतरी खाकरलं. मग तुम्ही मागं वळून हळू आवाजात म्हणालात, "बघा. हजार वर्सांचं मुरलेलं हाय. ती मानसं बोलत न्हाईत." झालं, सगळ्या वस्तीनं डोळे मिटले. शांतारामकाका घोरायला लागले तेव्हा कार्यक्रम संपला.

शेवटी तिला त्रिशरण-पंचशील शिकवलं ते आईनं, भाकरी थापता थापता. आई दुसऱ्या ओळीत मध्येच थांबून दम घेते, कारण चुलीचा धूर. तो थांबा मिचिकोनं जसाच्या तसा उचलला. पुढं कवठे येमाईहून, शिक्रापूरहून लोक तिची वंदना ऐकायला यायला लागले. त्यांनी तो थांबा बारकाईनं ऐकला, जपानात असंच म्हणत असणार असं ठरवलं आणि आपापल्या गावी नेला. त्या दिवशी तुमच्या मयतीला कवठ्याची मंडळी आली होती. वंदना म्हणताना ती सगळी बरोब्बर त्या जागी थांबली आणि आम्ही निमोण्याचे पुढं निघून गेलो. तेवढ्या दुःखातही आईनं माझा हात दाबला.

आईला तिच्या अभ्यासाचं मोठं नवल. "माझा दिवस बघायला एवढ्या लांबून आली व्हय? इचारलं आसतं तर मीच सांगावा धाडला आसता." तरी मिचिको तिच्या मागं मागं फिरली. विहिरीवर, गिरणीत, वांग्यांच्या वाफ्यात, तंबाखूच्या मिसरीपर्यंत. दिवाळीपर्यंत ती आपल्यासारखी बोलायला लागली. पुण्याला गेली तेव्हा तिच्या सरांनी म्हणे तिला जरा शुद्ध बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "ह्येच शुद्ध हाय, सर. आबा बोलत्यात." हे ऐकल्यावर तुम्ही आठवडाभर विनाकारण हसत होतात.

तुमचं आणि तिचं खरं भांडण रेल्वेचं. तिच्या गावची गाडी ठरल्या मिनिटाला येते आणि ठरल्या मिनिटाला जाते, असं ती सांगायची. तुम्हाला आधी ते खोटं वाटलं, मग वाईट वाटलं.

"मग मानसं एकमेकांना भेटत्यात कवा?"

"घरी भेटत्यात, आबा."

"घरी कोन भेटतं? घरी कामं आसत्यात. गाडी लेट झाली म्हंजी मानूस मोकळा व्हतो. दौंडाला मी निम्म्या तालुक्याची सोयरीक जुळवली ती गाडी लेट म्हणून."

ती हसायची आणि मान हलवायची. तिचं वर्ष सरत आलं तरी ह्या बाबतीत दोघांपैकी कुणीही माघार घेतली नव्हती.

वैशाखातली पौर्णिमा झाली की ती जाणार होती. दौंडहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीनं निघायचं, पुढं गया, आणि मग कलकत्त्याहून विमानानं घरी. गयेचं ठरवलं ते तुम्ही. तिच्या मनात तसं काहीच नव्हतं.

"बुद्धाच्या ठिकानाला न जाता परत गेलीस तर तिकडची मानसं काय म्हंतील?"

"काय न्हाई म्हणणार, आबा. त्यांना ठावं बी न्हाई."

"मग तू जाऊन सांग त्यांना."

ह्या पोरीचा निरोप मात्र तुम्हाला नीट द्यायचा होता. जपान काही शिरूर नव्हे, की शनिवारी दुपारच्या एस.टी.नं घरी येईल. ही पुन्हा दिसायची नाही हे तुम्हाला कळत होतं, आणि "एस.टी. आली" एवढ्यावर या वेळी भागणार नव्हतं. शिवाय वस्तीत तुम्ही सांगून बसला होतात की पोरीला आपल्या पद्धतीनं, बौद्ध पद्धतीनं, निरोप दिला जाईल. ती पद्धत कोणती, असं शांतारामकाकांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "कळंल." रात्रभर तुम्ही कूस बदलत होतात म्हणे, असं आईनं सांगितलं.

सकाळी तुम्ही मिचिकोलाच गाठलंत. तुमच्या मुलखात माणूस लांब निघालं की काय करतात? ती बिचारी आमच्याकडची पद्धत बघायला वर्षभर डोळे लावून बसलेली, आणि तुम्ही तिच्याकडची मागत होतात. तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, तिचा मामा बोटीनं परदेशी गेला तेव्हा बोटीवर माणसं, धक्क्यावर माणसं, आणि मध्ये रंगीत कागदाच्या लांब पट्ट्या. एक टोक जाणाऱ्याच्या हातात, एक राहणाऱ्याच्या. बोट निघाली की पट्ट्या ताणतात आणि तुटतात.

तुमचे डोळे एकदम चमकले. "म्हंजी सूत्र," तुम्ही म्हणालात. आपल्याकडं भन्तेजी परित्राण पाठ म्हणतात तेव्हा सगळे मिळून एक पांढरा दोरा धरून बसतात, तोच हा, असं तुमच्या मनानं घेतलं. "तिकडं जाऊन कागदाचा झाला आसंल. हवामानाचा फरक."

"न्हाई आबा, ती नुसती गंमत—" मिचिको म्हणत होती. पण तुम्ही शांतारामकाकांकडं निघालाही होतात.

जयंतीच्या पताकांचा निळा पतंगी कागद उरला होता. आम्ही सगळ्या पोरींनी मिळून त्याच्या पट्ट्या कापल्या आणि खळीनं एकमेकींना जोडल्या. आईनं त्याला हात लावला नाही. ती एवढंच म्हणाली, "कागदानं मानूस परत येत न्हाई." तुम्ही ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि उत्तर दिलं नाही. ती तुमची नेहमीची युक्ती होती.

दौंडला तुम्ही आम्हाला गाडीच्या वेळेच्या कितीतरी आधी नेऊन बसवलंत, कारण स्टेशन तुमचं. हमालापासून तिकीट मास्तरापर्यंत सगळ्यांना तुम्ही मिचिको दाखवलीत. "जपानची हाय. निमोण्याला आसती." गाडी यायच्या सुमारास सगळ्यांनी एकदम रडून घेतलं. मिचिको रडली, मी रडले, शांतारामकाका तर असे रडले की एका भजीवाल्यानं त्यांना फुकट पाणी दिलं. तेवढ्यात कळलं की गाडी लेट आहे. किती, ते कुणी सांगेना.

आता रडून झाल्यावर माणसानं काय करायचं? निरोप तर देऊन झाला, आणि माणूस समोरच बसलंय. थोडा वेळ आम्ही एकमेकांकडं बघायचं टाळलं. मग भूक लागली. मिचिकोच्या वाटेसाठी बांधलेल्या धपाट्यांचं गाठोडं सुटलं आणि त्यातली निम्मी आम्हीच संपवली. मग गप्पा सुरू झाल्या, उखाणे झाले, मिचिकोनं शांतारामकाकांच्या घोरण्याची नक्कल केली. वर्षभरात हसलो नव्हतो एवढं आम्ही त्या फलाटावर हसलो. तुम्ही मिचिकोजवळ जाऊन बसलात. "आता सांग," तुम्ही म्हणालात. "तुझ्या गावच्या गाडीत हे झालं आसतं का?"

ती म्हणाली, "न्हाई झालं आसतं, आबा." वर्षाचं भांडण तिनं त्या एका वाक्यात तुमच्या पदरात टाकलं. तुम्ही जिंकलात आणि तुमचा चेहरा कसानुसा झाला, कारण आता भांडायला काही उरलं नव्हतं.

आई यात नव्हती. ती फलाटाच्या पुण्याकडच्या टोकाला, पाण्याच्या नळाशी, पिशवी मांडीवर घेऊन पाठ करून बसली होती. तिला दोनदा हाक मारून झाली. "मला हितंच बरं हाय," ती म्हणाली.

ऊन कलायला लागलं तेव्हा पुण्याकडून गाडी आली. मिचिकोला खिडकी मिळाली. मग तुम्ही तुमची योजना सांगितलीत. तिच्या खिडकीपासून पुढं, इंजिनाच्या दिशेनं, सगळ्यांनी एका रांगेत उभं राहायचं. प्रत्येकाच्या हातात एक पट्टी, दुसरी टोकं तिच्या मुठीत. गाडी हळूहळू सुटेल, तिची खिडकी एकेकाच्या समोरून जाईल आणि एकेकाचा निरोप होईल. आधी पोरी, मग बायका, मग शांतारामकाका. सगळ्यांत शेवटी, फलाटाच्या पार पुढच्या टोकाला, तुम्ही. शेवटचा निरोप तुमचा. तुम्ही तिला काहीतरी सांगणार होतात, ओठांतल्या ओठांत ते घोकत होतात. मी बघितलं आहे.

गार्ड आला. "हे काय लावलंय?"

"धार्मिक हाय," तुम्ही म्हणालात.

त्यानं पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "निळी हाय म्हणून सोडतो, आबा. लाल-हिरवी आसती तर ड्रायव्हरचा घोटाळा झाला आसता."

तुम्ही आपल्या जागी जाऊन उभे राहिलात, छाती काढून. शिट्टी झाली. आणि आबा, गाडी मागं निघाली.

पुण्याकडून आलेली गाडी मनमाडला जायची असेल तर दौंडला तिचं इंजिन सुटतं, उलट्या टोकाला लागतं आणि गाडी आल्या अंगालाच परत निघते. हे दौंडच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. तुमच्या डोळ्यांदेखत हे रोज झालं, तेही उभा जन्म. त्या दिवशीही ते इंजिन तुमच्यासमोरून सुटून गेलं. तुम्ही त्याच्याकडं बघत होतात, पण लक्ष तुमचं त्या वाक्याकडं होतं.

सगळ्या पट्ट्या एकदम ताणल्या आणि एकदम तुटल्या. मिचिकोची खिडकी आम्हा सगळ्यांपासून लांब लांब निघाली, आणि सगळ्यांत लांब होतात तुम्ही. मग तुम्ही पळालात. एका हातात धोतराचा सोगा, एका हातात तुटकी निळी पट्टी, टोपी कुठं पडली त्याचा पत्ता नाही. "थांबव रं! आरं थांबव!" असं तुम्ही कुणाला ओरडत होतात कोण जाणे. मिचिको खिडकीतून अर्धी बाहेर आली होती आणि "आबा, आबा" करत होती. हसत होती की रडत होती, ते मला सांगता येणार नाही.

आणि त्या सगळ्या फलाटावर जाणाऱ्या गाडीच्या वाटेवर एकच माणूस होतं. आई. नळाशी ती का बसली होती ते तेव्हा कळलं. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा होता, उन्हानं दही आंबू नये म्हणून. खिडकी समोर आली तशी ती उठली आणि तिनं डब्याचं झाकण काढलं. वर्षभर आईच्या दिवसाचा अभ्यास केलेली ती पोरगी, तिला काही सांगावं लागलं नाही. मुठीतले निळे कपटे तिनं खाली सोडले आणि तळहात पुढं केला. आई चार पावलं गाडीबरोबर चालली. मिचिकोनं ते दही चाटून खाल्लं, आणि गाडी गेली.

तुम्ही पोचलात तेव्हा रूळ मोकळे होते. तुम्हाला दम लागला होता. आई तुमच्याकडं बघत उभी होती आणि हातात डबा तसाच उघडा. मला वाटलं, आता तुम्ही तिला बोलणार. आजूबाजूला वस्तीतली सगळी माणसं, ज्यांना तुम्ही इतकी वर्षं दह्याविरुद्ध सांगत आलात. तुम्ही रुळांकडं बघितलंत, मग डब्याकडं, आणि हात पुढं केलात. आईनं राहिलेल्यातलं चमचाभर तुमच्या हातावर ठेवलं. तुम्ही ते खाल्लंत, मिशी पुसलीत आणि सगळ्यांकडं फिरून म्हणालात, "उन्हाचं पोटाला बरं आसतं."

परतीच्या एस.टी.त न्हावऱ्याचा फाटा आल्यावर तुम्ही एकाएकी म्हणालात, "मनमाडच्या गाडीला इंजिन मागून लागतं."

"आसं व्हय," आई म्हणाली.

त्यानंतर चार वर्षं मी तुम्हाला विचारत आले. दही का खाल्लंत? पोटासाठी. माणूस घरी परत जाताना कशाला लागतंय दही? पोटाला काय कळतंय, चाललंय का आलंय. आणि तिला काय सांगणार होतात, आबा? ते मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत. "ते तिला सांगायचं व्हतं. तुला कशाला सांगू?" मिचिकोची पत्रं यायची, मी तुम्हाला वाचून दाखवायची. उत्तरात ते लिहू का, असं विचारलं की तुम्ही म्हणायचात, "कागदावर न्हाई बसत ते." ते काय होतं ते आता मला कळणार नाही. याचा मला राग येतो, आबा, आणि तुमची इतकी आठवण येते की राग धरून ठेवता येत नाही.

तुम्ही गेलात ते भर दुपारी, वांग्यांना पाणी सोडून येऊन खाटेवर जरा आडवे झालात तेव्हा. सांगून गेला नाहीत. तुम्हाला निरोपाची सवय नव्हतीच. तुम्ही सांगितलं होतं तसंच सगळं केलं आम्ही. पांढरं कापड, मेणबत्त्या, वंदना. मडकं नाही, पिंड नाही, नदीवर जाणं नाही. उचलायची वेळ झाली तेव्हा आईनं मला बाजूला घेतलं.

"कुठल्या अंगानं नेनार हायेत?"

मला कळेना. मी म्हटलं, शाळेकडून, मळ्याच्या वाटेनं.

"नक्की इचार. मागल्या येळंला दौंडाला चुकामूक झाली त्यांची."

मी विचारून आले. मळ्याच्याच वाटेनं नेणार होते. मग ती त्या बाजूला, दाराच्या बाहेर जाऊन उभी राहिली. तुम्हाला तिच्यासमोर आणलं तेव्हा तिनं पदराखालून तो डबा काढला. शांतारामकाका पुढं झाले. तुम्हीच तयार केलेला माणूस, त्यांचा काय दोष. "वयनी," ते म्हणाले, "आबांनी रूढी न्हाई पायजे म्हणून सांगितलंय."

"रूढी कुठं हाय?" आई म्हणाली. "उन्हाची येळ हाय. पोटाला बरं आसतं."

काकांनी माझ्याकडं बघितलं, मग तुमच्याकडं, आणि ते बाजूला झाले. आईनं तुमचा हात आपल्या हातात घेतला, बोटं हलकेच उघडली आणि चमचाभर दही ठेवलं. मग डब्यात उरलेलं तिनं माझ्या तळहातावर दिलं. मी ते खाल्लं.

का खाल्लं, ते मला विचारू नका, आबा. पोटासाठी.